पांढऱ्या घोडीचे काळे शिंगरू

आमच्या भालकी तालुक्यात वरातीला पांढरी घोडीच लागते. खानापूरचा मैलार मल्लण्णा म्हणजे आपला खंडोबाच, आणि त्याचे वाहनही पांढरा घोडा. माझ्या मामांकडे अशीच एक शुभ्र घोडी होती. ती व्याली, आणि शिंगरू निघाले काळेकुळकुळीत! 'ही करी कुदुरे वरातीला कोण बोलावणार?' असे म्हणत मामांनी ते माळेगावच्या यात्रेत मिळेल त्या किमतीला विकून टाकले. सात-आठ वर्षांनी कलबुर्गीच्या एका लग्नात, डाव्या कानाच्या चिरेवरून, त्यांनी ते ओळखले. ते दुधासारखे पांढरे झाले होते.

वाचकहो, यात चमत्कार नाही. घोड्याच्या केसांत रंगद्रव्ये दोनच, काळे व तांबडे. काळे रंगद्रव्य बनू देणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या की घोडा निव्वळ तांबडा होतो. म्हणून तांबड्या जोडप्याला काळे शिंगरू होत नाही. दुसरे एक जनुक काळा रंग आयाळ, शेपूट आणि पायांपुरताच रोखून धरते. तोच आपला कुमाईत.

सब्ज्या घोड्याचे मात्र निराळे. त्याचे जनुक जन्मरंग बदलत नाही, ते केस वर्षानुवर्षे पिकवीत नेते. कातडी काळीच राहते. (जन्मतःच पांढऱ्या घोड्याची कातडी गुलाबी असते, खरेदीपूर्वी नाकपुड्या पाहाव्यात!) हे जनुक प्रभावी असल्याने एक प्रत पुरते. घोडीकडे एकच प्रत असेल आणि घोडा सब्जा नसेल, तर सरासरीने निम्मी शिंगरे पुढे पांढरी होतात. २००८ साली स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी दाखवले, की पंचविसाव्या गुणसूत्रावरील सुमारे ४,६०० अक्षरांचा मजकूर दुबार लिहिला गेल्याने हे घडते.

या शुभ्रतेची किंमतही आहे. तेच जनुक रंगपेशींना वाढीस उत्तेजन देते. पंधरा वर्षांवरील बहुसंख्य सब्ज्या घोड्यांना शेपटीखाली काळ्या गाठी येतात. मामांच्या घोडीलाही आल्या. गावाने त्याला देवाचा कोप ठरवले, आणि वराती बंद झाल्या. डॉक्टरांना दाखवायला फार उशीर झाला होता.

हल्ली मामा माळेगावला गेले की काळ्या शिंगरांच्या डोळ्यांभोवती पांढरे केस दिसतात का, ते बॅटरी लावून पाहतात. पिकायला सुरुवात बहुधा तिथूनच होते.