अगराचे एकशे आठ मणी

अगराचं निरोगी झाड गंधहीन असतं. त्याचं खोड चिरलं तर आत पांढुरकं, मऊ, हलकं लाकूड मिळतं आणि त्याला कोणी फारशी किंमत देत नाही. पण वादळात फांदी मोडली, खोड पोखरणारी अळी आत शिरली आणि त्या वाटेने बुरशी पोहोचली, की झाड संसर्ग पसरू नये म्हणून त्या जागेभोवती गडद, तेलकट राळ साठवू लागतं. हे काम वर्षानुवर्षं, कधी दशकानुदशकं चालतं. राळ मुरलेला तेवढा भाग काळपट होतो, जड होतो, आणि त्यालाच अगर म्हणतात. जगातल्या फार महाग जपमाळांत याच लाकडाच्या माळा येतात.

ही माळ पारखायची तर आधी ती कुठल्या झाडाची, कुठल्या जंगलातली हे विचारावं लागतं. अ‍ॅक्विलारिया या प्रजातीत वीसच्या आसपास जाती आहेत. आसाम आणि मलाया द्वीपकल्पात मलॅकेन्सिस, व्हिएतनाम-कंबोडिया-लाओसमध्ये क्रास्ना, दक्षिण चीन आणि हाँगकाँगच्या डोंगरांत सायनेन्सिस, पापुआकडे फायलेरिया. मातीही वेगळी, बुरशीही वेगळी, म्हणून गंधही वेगळा. व्हिएतनामच्या मण्यांना गोडसर, गार वास असतो. पापुआच्या मण्यांत औषधी मुळ्यांची हिरवट झाक येते. आसामच्या अगराचा वास उग्र आणि दाट असतो, म्हणून तिथला बराच माल मण्यांकडे न जाता तेलाच्या भट्टीत जातो. चांगला पारखी डोळे मिटून मणी नाकाशी धरतो आणि आधी प्रदेश सांगतो, किमतीचं मग बोलतो.

या सगळ्यांच्या वर एक प्रकार आहे. चिनी लोक त्याला छिनान म्हणतात, व्हिएतनामी की-नाम आणि जपानी क्यारा. इतर अगर थंड असताना जवळजवळ अबोल असतो आणि निखाऱ्यावर ठेवला की खुलतो. छिनानला उष्णता लागत नाही, तो नुसता तळहातावर ठेवला तरी दरवळतो, आणि तो दरवळ तासातासाला बदलतो. चाकूने खरवडला तर त्याच्या कुरळ्या, चिकट सालपटांची चिमटीत गोळी होते. जिभेवर ठेवला तर जीभ किंचित बधिर होते. व्हिएतनामच्या खान्ह-होआ प्रांतात त्याची ख्याती सर्वांत मोठी आहे. न्हा-त्रांगच्या पो-नगर मंदिरातल्या देवीची व्हिएतनामी कथा सांगते, की ती की-नामच्या ओंडक्यात शिरून समुद्रावरून उत्तरेकडे वाहत गेली. तिथल्या राजपुत्राने तो ओंडका उचलला आणि त्यातून ती बाहेर आली. त्या प्रांतातल्या लोकांनी एका लाकडाला देवीचं घर मानलं, यावरून त्याची जागा कळावी.

लाकडाच्या तुकड्याला राजेरजवाड्यांइतकं चरित्र असू शकतं, हे जपानमध्ये दिसतं. नारा इथल्या तोदाइजी मंदिराच्या शोसोइन भांडारात रान्जाताइ नावाचा अगराचा ओंडका आहे. लांबी १५६ सेंटिमीटर, वजन ११.६ किलो. तो कापण्याचा मान फार थोड्यांना मिळाला. शोगुन आशिकागा योशिमासाने तुकडा घेतला, १५७४ मध्ये ओदा नोबुनागाने घेतला, १८७७ मध्ये सम्राट मेइजीने घेतला. कुठून कापला त्या जागी चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. चीनमध्ये सुंग काळातला मंत्री तिंग वेइ हद्दपार होऊन हैनान बेटावर गेला आणि तिथल्या अगरावर त्याने ग्रंथ लिहिला. पुढे चिंग दरबारात अधिकाऱ्यांच्या गळ्यात १०८ मण्यांची दरबारी माळ आली. दर २७ मण्यांनंतर एक मोठा मणी, बाजूला दहा-दहा मण्यांचे तीन पदर. शिवाय मनगटाला किंवा अंगरख्याच्या गुंडीला अडकवायची अठरा मण्यांची छोटी माळ. मौल्यवान खडे आणि पोवळ्यांच्या बरोबरीने यात अगराचे मणी मानाने बसले.

आपल्याला या माळेची रचना परकी वाटत नाही. १०८ मणी आणि एक मेरुमणी हा हिशेब बौद्ध माळेतही तोच आहे. इस्लामी तसबीहमध्ये ३३ किंवा ९९ मणी असतात आणि आखाती देशांत अगराच्या तसबीहला मोठा मान आहे. तीन धर्मांची बोटं एकाच लाकडावरून फिरतात, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता मणी कसा घडतो ते पाहू, कारण सगळ्या पारखीचं मूळ तिथे आहे. राळ लाकडात सारखी पसरलेली नसते. ती जखमेभोवती शिरा, ठिपके, पट्टे अशी साचते. कारागीर ओंडका फिरवून फिरवून बघतो, पट्टी कापतो, पट्टीचे चौकोनी ठोकळे करतो, भोक पाडतो आणि ठोकळा फिरत्या यंत्रावर धरून गोल कातून काढतो. साधी भूमिती सांगते, की घनातून निघणारा मोठ्यात मोठा गोल त्या घनाच्या ५२ टक्केच भरतो. उरलेलं ४८ टक्के लाकूड भुकटी होऊन खाली पडतं. करवतीचं पातं खातं ते वेगळं. ही भुकटी धूपासाठी गोळा करतात, पण तिला मण्याच्या तुलनेत किरकोळ भाव मिळतो. त्याच ठोकळ्यातून दंडगोल मणी काढला तर ७८ टक्क्यांहून जास्त लाकूड वाचतं. ओबडधोबड, लाकडाच्या मूळ वळणाने घासलेला मणी केला तर त्याहूनही जास्त.

म्हणूनच २० मिलिमीटरचा, आरपार राळ भरलेला गोल मणी इतका दुर्मीळ. एकाच ओंडक्यातून १०८ एकसारखे मणी निघणं त्याहून दुर्मीळ. बाजाराने नेमक्या याच दोन गोष्टींना सर्वांत जास्त भाव दिला. चीनमध्ये हातात खेळवायच्या वस्तूंचा शौक वाढला तेव्हा मोठा, गोल, काळा मणी प्रतिष्ठेचा झाला, आणि त्या गोलाईपायी जंगलातलं अर्धं लाकूड भुकटीत गेलं. माझ्या मते ही अभिरुचीची चूक आहे. अगराचं सौंदर्य शिरांमध्ये आहे. फिकट लाकडावर तपकिरी रेघा कुठे दाटतात, कुठे विरतात, त्यातून जखम कुठे झाली आणि झाडाने ती कशी भरली हे वाचता येतं. चकचकीत गोलाकारात ते वाचन अर्धवट राहतं, दंडगोलात आणि वेड्यावाकड्या मण्यात पूर्ण होतं.

जुन्या चिनी ग्रंथांनी अगराचे वर्ग पाण्यावरून पाडले: बुडणारा, अर्धवट बुडणारा, तरंगणारा. ती कसोटी आजही चालते, आणि माळ न भिजवता ती लावता येते. आठ मिलिमीटरच्या १०८ मण्यांचं घनफळ भोकं वजा जाता साधारण २७ घनसेंटिमीटर होतं. विक्रेता माळ बुडणारी आहे म्हणत असेल, तर मेरुमणी आणि दोरा सोडून ती सोनाराच्या काट्यावर २७ ग्रॅमच्या वर भरली पाहिजे. १४-१५ ग्रॅम भरली तर लाकूड खरं असू शकतं, बुडणारं नाही. उलट वजन भरलं म्हणूनही खात्री होत नाही. साध्या लाकडात दाबाखाली तेल आणि रंग मुरवून जड, काळे मणी बनवण्याचा धंदा आग्नेय आशियात जोरात आहे.

असे मणी ओळखायचे तर काही खुणा आहेत. सगळ्या मण्यांवर सारखंच नक्षीकाम दिसलं तर सावध व्हावं, कारण झाडाला दोन ठिकाणी सारखी जखम होत नाही. पिशवी उघडताच खोलीभर वास पसरला तर दुप्पट सावध व्हावं. खरा मणी थंड असताना हळू बोलतो, मधेच वास येतो, मधेच लपतो, हाताच्या उबेने पुन्हा येतो. खोट्याचा वास सपाट असतो आणि महिन्याभरात उडतो. भिंगाखाली खऱ्या लाकडाची छिद्रं दिसतात आणि राळ काही पेशीसमूहांतच भरलेली दिसते. रंगवलेल्या मण्यात काळेपणा सगळीकडे सारखा पसरलेला असतो. तापवलेली सुई भोकाच्या आत टेकवली, की खरी राळ गोड, खोल वास सोडते आणि रसायन नाकात झोंबतं. ही शेवटची कसोटी विक्रेत्याच्या परवानगीनेच करावी.

सांभाळायला ही माळ अवघड नाही. साबण, अत्तर, घाम आणि कडक ऊन यांपासून दूर ठेवावी. वापरात नसेल तेव्हा हवाबंद पिशवीत ठेवावी, म्हणजे गंध मुरतो. तेल चोळून चमक आणू नये. काही संग्राहक माळ वर्षानुवर्षं तिजोरीत ठेवतात. मला ते पटत नाही. जपाची माळ बोटांसाठी आहे, आणि अगर तर बोटांच्या उबेनेच जागा होतो.

भारताचा या लाकडाशी फार जुना संबंध आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अगरूचे प्रकार नोंदलेले आहेत. कालिदासाने रघुवंशात प्राग्ज्योतिषाच्या वाटेवर काळ्या अगरूची झाडं उभी केली. आसामात याच झाडाच्या सालीपासून सांचीपात बनवत आणि त्यावर पोथ्या लिहीत. वैष्णव सत्रांनी त्या जपल्या. आज आसामच्या होजाई भागात अगराचा व्यापार एकवटलेला आहे. होजाईच्या हाजी अजमल अली यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला अत्तराचा व्यवसाय मुंबईमार्गे आखातात पोहोचला. मोहम्मद अली रोडच्या परिसरातल्या अत्तराच्या दुकानांत अगराचे तुकडे आणि तेल मिळतं, आणि त्या धंद्याची मुळं ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आहेत. आसामात घराच्या परसात अगराची झाडं लावणं ही जुनी रीत आहे. परसातल्या झाडांमुळे जंगलावरचा भार हलका होतो, म्हणून तिचं महत्त्व फार मोठं आहे.

कारण जंगलात झाडं फार थोडी उरली आहेत. बाहेरून झाडात अगर आहे की नाही हे खात्रीने कळत नाही, म्हणून शोधणारा एका राळभरल्या झाडाच्या आशेने दहा निरोगी झाडं पाडतो. हाँगकाँगच्या संरक्षित डोंगरांवरही चोरटी तोड झाली. मलॅकेन्सिस ही जाती २०१८ पासून अतिसंकटग्रस्त यादीत आहे. वन्यजीव व्यापाराच्या साइट्स कराराखाली ती १९९५ मध्ये आली आणि उरलेल्या सगळ्या जाती २००५ मध्ये आल्या. या करारात माळांचा उल्लेख थेट आहे. दुकानात विकायला तयार असलेल्या मालाला सूट मिळते, पण लाकडाचे तुकडे, मणी, जपमाळा आणि कोरीव वस्तूंना ती नाही. प्रवाशाला सोबत नेण्याची मर्यादा माणशी १ किलो तुकडे, २४ मिलिलिटर तेल आणि मण्यांचे किंवा जपमाळांचे २ संच इतकी आहे. देशोदेशीचे कायदे याहून कडक असू शकतात, तेव्हा निघण्याआधी विचारून घ्यावं.

दुसरा मार्ग लागवडीचा आहे. व्हिएतनाम, थायलंड, चीन आणि आसामात झाडाला मुद्दाम भोकं पाडून बुरशी सोडतात आणि काही वर्षांत राळ मिळवतात. तिच्या गंधाला जंगली अगराची खोली नसते हे मान्य करायला हवं. पण वास खरा असतो, आणि ती माळ हातात घेताना कुठल्या जंगलातलं शेवटचं झाड गेलं हा प्रश्न मनात येत नाही.

पहिली माळ घेणार असाल तर लागवडीच्या लाकडाची घ्या. मणी दंडगोल किंवा वेडेवाकडे असू द्या, आकाराने लहान, शिरा स्पष्ट दिसणारे. विक्रेत्याकडून झाडाची जात, देश आणि बाहेर देशातून आली असेल तर परवान्याची प्रत मागून घ्या. या तीन गोष्टी कागदावर द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.