खांबांवर कोरलेली नावे

छत्रपती संभाजीनगरातील गुलमंडी हा जुन्या शहराचा गजबजलेला भाग आहे. तेथून जवळच पैठण दरवाजा लागतो. नावाप्रमाणेच त्या दरवाजातून पैठणची वाट निघते. सुमारे ५० किलोमीटरांवरील हे गोदाकाठचे गाव प्राचीन काळी प्रतिष्ठान या नावाने प्रसिद्ध होते व सातवाहन राजांची ती राजधानी होती. दोन हजार वर्षांपूर्वी या नगरीत मितदेव नावाचा एक गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, होऊन गेला. त्याने कोणते राज्य जिंकले नाही की कोणता ग्रंथ लिहिला नाही. तरीही त्याचे नाव, गाव आणि धंदा आज आपणांस ठाऊक आहे, आणि तेही केवळ एका खांबामुळे.

हा खांब पितळखोऱ्याच्या लेण्यांत आहे. कन्नड तालुक्यातील सातमाळा डोंगरात, एका खोल दरीच्या कड्यावर ही बौद्ध लेणी खोदलेली आहेत. त्यांतील जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या व पहिल्या शतकांतील होत. तेथील ब्राह्मी लेख सांगतो की, हा खांब पैठणच्या मितदेव गांध्याच्या कुळाचे दान आहे. दुसरा एक खांब पैठणच्याच संघकाच्या मुलांनी दिलेला आहे. मगिल नावाच्या राजवैद्याचे, त्याच्या मुलीचे आणि मुलाचेही दान तेथे नोंदलेले आहे. एकेका घराने एकेक खांब द्यावा आणि भिक्षूंसाठी लेणे उभे राहावे, अशी ती रीत होती.

बौद्ध धर्म महाराष्ट्रात कसा आला, या प्रश्नाला ग्रंथांचे उत्तर निराळे आहे. श्रीलंकेतील ‘महावंस’ या ग्रंथात म्हटले आहे की, अशोकाच्या काळी महाधम्मरक्खित नावाच्या स्थविराला महारट्ठात धाडण्यात आले. परंतु हा ग्रंथ त्या घटनेनंतर कित्येक शतकांनी रचला गेला. म्हणून संशोधक दगडाची साक्ष काढतात. मुंबईजवळच्या सोपारे येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. विहारयात्रा सोडून आपण धर्मयात्रा सुरू केल्या, हा त्या लेखाचा विषय. अशोकाचा शब्द आपल्या किनाऱ्यापर्यंत पोचला होता, एवढे यावरून निश्चित होते. तो लोकांच्या मनापर्यंत पोचला की नाही, हे मात्र राजाचा लेख सांगत नाही. ते सांगावे मितदेवाच्या खांबाने.

मग खांब देणाऱ्यांनी आपले जुने देव टाकून दिले होते काय? येथे घाई करून चालत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास पुरातत्त्व खात्याने पितळखोऱ्यातील ढिगारा उपसला, तेव्हा एका यक्षाची मूर्ती मिळाली. ठेंगणा, ढेरपोट्या आणि हसऱ्या मुद्रेचा हा यक्ष पाहून आजही प्रेक्षकास हसू येते. त्याच्या हातावर लेख आहे : ही मूर्ती कण्हदास सोनाराने केली. कण्ह म्हणजे कृष्ण. बुद्धाच्या लेण्यासाठी मूर्ती घडविली यक्षाची, आणि घडविणाऱ्याचे नाव कृष्णदास! अर्थात नाव आईबाप ठेवतात. त्यावरून माणसाची श्रद्धा ठरविणे धोक्याचे. परंतु त्याच लेण्यांत गजलक्ष्मी आहे, पाच फणांचा नागही आहे. लोकांचे जुने दैवत नव्या धर्माच्या दारात असे उभे राहिले होते.

अशी कोडी इतर देशांतही पडतात. इंग्लंडमध्ये सटन हू येथे १९३९ साली सातव्या शतकाच्या आरंभीचे एक थडगे उघडले. त्यात जुन्या रीतीप्रमाणे अख्खे जहाज आणि शस्त्रे पुरलेली होती; आणि त्यांतच चांदीचा एक चमचा होता, ज्यावर पॉल या ख्रिस्ती संताचे नाव ग्रीक अक्षरांत कोरलेले होते. मृत पुरुष ख्रिस्ती झाला होता, की त्याला केवळ चांदी आवडत होती? पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाही.

आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांत याहून बोलका पुरावा आहे. सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिने तेथे बौद्ध भिक्षूंना लेणे दिले. त्याच दानाच्या लेखात ती आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला अद्वितीय ब्राह्मण म्हणून गौरविते. एकाच लेखात दोन्ही गोष्टी लिहिताना तिला काही विसंगत वाटले नाही. आज आपण ज्याला धर्मांतर म्हणतो, ते त्या काळी प्रत्येक घरी घडलेच असेल, असे म्हणूनच म्हणता येत नाही. भिक्षूंविषयी आदर वाढला आणि तो पैशाअडक्याने व्यक्त होऊ लागला, हे मात्र निःसंशय.

पितळखोऱ्याच्या जुन्या लेण्यांत प्रथम बुद्धमूर्ती नव्हती. स्तूपालाच वंदन होई. मूर्ती पुढील शतकांत आल्या. संभाजीनगरच्या उत्तरेस, विद्यापीठामागील डोंगरात सहाव्या-सातव्या शतकांतील लेणी आहेत. तेथील तिसऱ्या लेण्याच्या गाभाऱ्यात बुद्धाच्या भव्य मूर्तीसमोर स्त्री-पुरुष उपासक गुडघे टेकून बसलेले आहेत. त्यांचा आकार जवळजवळ खऱ्या माणसांएवढा आहे. त्यांच्या केशरचना, मुकुट, गळ्यांतील अलंकार सारे बारकाईने कोरलेले आहेत. त्या अंधाऱ्या गाभाऱ्यात दिवा नेला की ते सर्व चेहरे एकाच दिशेने, मूर्तीकडे वळलेले दिसतात.