नवीन परफ्यूम घेताय? आधी त्वचेला आणि श्वासाला विचारा

शनिवारी संध्याकाळी विमाननगरच्या मॉलमध्ये किंवा कॅम्पात एम. जी. रोडवर फिरताना परफ्यूमच्या काउंटरपाशी तरुण मुलं हमखास दिसतात. एक फवारा मनगटावर, दुसरा दुसऱ्या मनगटावर, तिसरा थेट मानेवर. पाच मिनिटांत बाटली पसंत होते आणि काही हजार रुपये मोजले जातात.

काही काळापूर्वी असाच एक तरुण दवाखान्यात आला. सकाळी दाढी करून तो खरेदीला गेला होता आणि मानेवर दोन-तीन परफ्यूम मारून पाहिले होते. सोमवारी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याजवळ, लाल खाजरा चट्टा उठला. "उष्णता पडली असेल," आई म्हणाली. मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली. लाली गेली, पण ट्यूब बंद करताच दुप्पट जोराने परत आली आणि आता तिथे काळा डाग होता. तीन आठवड्यांवर साखरपुडा होता.

त्याला मी जे समजावून सांगितलं, तेच इथे लिहितो आहे.

परफ्यूममध्ये नक्की असतं काय?

बराचसा भाग अल्कोहोल, थोडं पाणी आणि सुगंधी द्रव्यं. 'ओ द तॉयलेत'मध्ये सुगंधी द्रव्यांचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के असतं, 'ओ द परफ्यूम'मध्ये ते जास्त असतं. एका सुगंधात अशी अनेक रसायनं एकत्र असतात.

1988 मध्ये आलेलं डेव्हिडॉफचं 'कूल वॉटर' किंवा 2015 मध्ये आलेलं डिओरचं 'सोवाज' ही पुरुषांच्या परफ्यूममधली नेहमी ऐकू येणारी नावं. 'सोवाज'च्या ताज्या वासामागे बर्गमोट हे लिंबूवर्गीय फळ आहे. अशा लिंबूवर्गीय ताजेपणात लिमोनिन आणि लिनालूल ही द्रव्यं नेहमी आढळतात. ती मुळात फारशी त्रासदायक नसतात. पण हवेशी संपर्क येऊन त्यांचं ऑक्सिडेशन झालं, की त्यांची अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता वाढते. म्हणून वर्षानुवर्षं अर्धी उरलेली, उन्हात किंवा गाडीच्या डिकीत तापलेली बाटली वापरू नका.

हे फक्त महागड्या विदेशी परफ्यूमचं नाही. डिओ, आफ्टरशेव्ह, साबण, केसांचं तेल या सगळ्यांत हीच द्रव्यं असतात. अत्तर 'नैसर्गिक' असलं म्हणून निर्धोक ठरत नाही. गुलाब, मोगरा, चंदन यांच्या अर्कांचीही अ‍ॅलर्जी होते.

पुरळ लगेच का येत नाही?

त्रास दोन प्रकारचा असतो. पहिला म्हणजे नुसती जळजळ. ताज्या दाढीच्या बारीक ओरखड्यांवर अल्कोहोल पडलं की आग होते. ती लगेच होते आणि लवकर शमते.

दुसरी खरी अ‍ॅलर्जी, म्हणजे कॉन्टॅक्ट डर्मटायटिस. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा आधी त्या द्रव्याला 'शत्रू' म्हणून ओळखायला शिकते. याला किमान दहा-बारा दिवस आणि कधी कधी अनेक वर्षं लागतात. एकदा ओळख पटली, की पुढच्या संपर्कानंतर साधारण एक ते तीन दिवसांत पुरळ उठतं.

आमच्या या तरुणाने ते परफ्यूम पहिल्यांदाच मारले होते, मग दोन दिवसांत पुरळ कसं? तो चार वर्षं एक सुगंधी आफ्टरशेव्ह वापरत होता. बहुधा अ‍ॅलर्जीची तयारी तिथेच झाली होती, परफ्यूम फक्त निमित्त ठरला. "इतकी वर्षं वापरतोय, काही झालं नाही" हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. कंठमण्याजवळचं पुरळ ही तर सुगंधी फवाऱ्याच्या अ‍ॅलर्जीची आम्हा डॉक्टरांना परिचित असलेली खूण आहे.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत पुरळ बरं झाल्यावरही काळा डाग मागे राहतो. तो जायला काही महिने लागू शकतात. ऊन लागलं तर तो आणखी गडद होतो.

परफ्यूम तपासून पाहण्याची योग्य पद्धत

1. आधी कागदी पट्टीवर. दुकानात पट्टी मागा. फवारल्यावर अल्कोहोल उडून जाऊ द्या, मग हुंगा. एका वेळी तीन-चारपेक्षा जास्त वास घेऊ नका, नाक थकतं. थकलं तर बाहेर मोकळ्या हवेत जा.

2. मग हातावर, एकच. आवडलेला एक परफ्यूम कोपराच्या आतल्या बाजूला मारा. दाढी केलेल्या चेहऱ्यावर, मानेवर, काखेत किंवा जखमेवर नको.

3. त्या दिवशी विकत घेऊ नका. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांचा वास आणि चार तासांनंतरचा वास वेगळा असतो. डोकं दुखतं का, घरातल्यांना त्रास होतो का, हेही तेवढ्यात कळतं.

4. पूर्वी त्रास झाला असेल तर आठवडाभर चाचणी करा. छोटी नमुना बाटली मिळाली तर कोपराच्या आत त्याच जागी रोज दोनदा, सात दिवस लावा. खाज, लाली किंवा बारीक पुरळ आलं की थांबा. काहीच झालं नाही तर शक्यता चांगली आहे, पण ही शंभर टक्के हमी नाही. आत्ता अंगावर पुरळ असेल तर ही चाचणी करू नका.

5. शक्यतो कपड्यावर मारा. पांढऱ्या किंवा रेशमी कपड्यावर डाग पडू शकतो, तेवढं पाहा.

रस्त्यावर मिळणाऱ्या 'फर्स्ट कॉपी' बाटल्या टाळा. आत काय आहे हे कळायला मार्ग नसतो आणि त्रास झाला तर कारण शोधता येत नाही.

घरात दमा किंवा मायग्रेन असेल तर

तीव्र वासाने दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आकसू शकतात. बहुतेक वेळा ही अ‍ॅलर्जी नसते, तर संवेदनशील श्वासनलिकेला झालेला चटका असतो. पण धाप तेवढीच खरी असते. "एवढ्याशा वासाने काय होतंय?" असं म्हणू नका. बंद खोलीत, लिफ्टमध्ये, काचा लावलेल्या गाडीत फवारू नका. दम्याच्या रुग्णाने खरेदीला जाताना तातडीचा इन्हेलर खिशात ठेवावा. मायग्रेन असणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांनाही वास सहन होत नाही. तान्ह्या बाळाला उचलून घेण्याआधी परफ्यूम नकोच.

लहान मुलं आणि आग

परफ्यूममधलं अल्कोहोल लहान मुलाने प्यायलं तर त्याची रक्तातली साखर घसरू शकते. मूल सुस्त पडतं, झटकेही येऊ शकतात. उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा किंवा 108 ला फोन करा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. अल्कोहोल पेट घेतं, त्यामुळे निरांजन, गॅस, फटाके यांच्याजवळ फवारू नका.

त्रास झालाच तर

साबणाची गरज नाही, भरपूर पाण्याने धुवा. परफ्यूम, डिओ, आफ्टरशेव्ह सगळं थांबवा. मेडिकलमधून मनाने क्रीम आणू नका. अशा अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने तात्पुरता आराम पडतो, पण त्वचा पातळ होते आणि बंद केल्यावर त्रास उसळतो.

डॉक्टरांकडे कधी यावं?

- ओठ, पापण्या सुजणं, धाप लागणं, छातीत घरघर: ताबडतोब
- पाणी येणारं किंवा पसरणारं पुरळ: एक-दोन दिवसांत
- पुन्हा पुन्हा येणारं पुरळ किंवा वाढता काळा डाग: त्वचारोगतज्ज्ञांकडे
- आधीपेक्षा जास्त फवारे लागतात, स्वतःला वास येत नाही: नाक-कान-घसा तज्ज्ञांकडे

त्वचारोगतज्ज्ञ गरज पडल्यास पॅच टेस्ट करतात. पाठीवर छोट्या पट्ट्या लावून 48 तासांनी काढतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात. नक्की कशाची अ‍ॅलर्जी आहे हे कळलं, की लेबल वाचून ते द्रव्य टाळता येतं.

त्या तरुणाची पॅच टेस्ट पुरळ शांत झाल्यावर केली. सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाला स्पष्ट प्रतिक्रिया आली. साखरपुड्याच्या फोटोत डाग थोडा दिसतो. आता तो 'फ्रॅगरन्स-फ्री' लिहिलेलाच साबण आणि शेव्हिंग क्रीम वापरतो. लक्षात ठेवा, 'अनसेंटेड' म्हणजे तेच नव्हे. त्यात वास झाकण्यासाठी सुगंधी द्रव्य असू शकतं.

परफ्यूमची हौस वाईट नाही. फक्त बाटली घरी आणण्याआधी चार तास स्वतःला द्या, आणि पूर्वी कधी त्रास झाला असेल तर एक आठवडा.