नागिणीचे खोलगट वण

नागीण या विषाणुजन्य रोगाचे फोड बरे झाल्यानंतर त्वचेवर जे खड्डे राहतात, त्यांना नागिणीचे खोलगट वण म्हणतात. कपाळ, पापणी व नाक यांच्या परिसरात ते विशेष ठळक दिसतात. हे वण सहसा समूळ नाहीसे होत नाहीत. योग्य उपचारांनी ते उथळ करता येतात.

कारण

कांजिण्या व नागीण हे दोन्ही रोग व्हॅरिसेला-झोस्टर या एकाच विषाणूमुळे होतात. कांजिण्या बऱ्या झाल्यावर हा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गुच्छिकांमध्ये सुप्तावस्थेत राहतो. वार्धक्यामुळे किंवा अन्य कारणाने रोगप्रतिकारशक्ती क्षीण झाली, की तो पुन्हा क्रियाशील होतो आणि मज्जातंतूच्या मार्गाने त्वचेपर्यंत पोहोचतो. चेहऱ्याची संवेदना ट्रायजेमिनल मज्जातंतू वाहून नेतो. त्याच्या तीन शाखांपैकी कपाळ व डोळा यांकडे जाणारी शाखा नागिणीत सर्वाधिक वेळा बाधित होते.

फोडांचा दाह त्वचेच्या वरच्या थरापुरता राहिला, तर केवळ काळपट डाग उरतो व तो बहुधा काही महिन्यांत फिका होतो. दाह अंतस्त्वचेपर्यंत गेला, तर तेथील कोलॅजेन हे आधारद्रव्य नष्ट होते आणि पृष्ठभाग खचून खड्डा पडतो. हा खड्डा आपोआप भरून येत नाही. फोड खाजवणे, खपल्या काढणे व फोडांत पू होणे यांमुळे वण खोल होण्याची शक्यता वाढते.

लोकसमजूत

नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की रोगी दगावतो, अशी समजूत महाराष्ट्रात रूढ आहे. त्यामुळे मांत्रिकाकडून नागीण उतरवून घेणे, फोडांवर गेरूचा लेप देणे असे उपाय केले जातात. वस्तुतः प्रत्येक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूस संवेदना पुरवतो. म्हणून पुरळ बहुधा मध्यरेषेपाशी थांबते. पुरळ दोन्ही बाजूंना पसरणे हे क्षीण प्रतिकारशक्तीचे लक्षण असू शकते. परंतु दोन टोके जुळल्याने मृत्यू येत नाही. अशा उपायांत वेळ गेल्यास मात्र खरी हानी होते. असायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर यांसारखी विषाणुरोधक औषधे पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत सुरू केल्यास सर्वाधिक उपयुक्त ठरतात. नाकाच्या शेंड्यावर फोड आल्यास डोळा बाधित होण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाकडून तातडीने तपासणी करून घेणे आवश्यक असते.

उपचार

त्वचा पूर्ण भरून आल्यावर आणि लाली ओसरल्यावर, म्हणजे सामान्यतः काही महिन्यांनी, वणांवरील उपचारांचा विचार केला जातो. खड्ड्याच्या आकारानुसार पद्धत ठरते.

• ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्ल: अरुंद व खोल खड्ड्याच्या तळाशी तीव्र आम्लाचा सूक्ष्म ठिपका देतात. त्यामुळे नवे कोलॅजेन तयार होते.
• सबसिजन: वण खालच्या ऊतीला तंतूंनी जखडलेला असल्यास त्वचेखाली सुई घालून ते तंतू तोडतात.
• मायक्रोनीडलिंग: सूक्ष्म सुयांनी छिद्रे पाडून त्वचेच्या दुरुस्तीच्या प्रक्रियेस चालना देतात.
• फ्रॅक्शनल लेसर: त्वचेत सूक्ष्म स्तंभांच्या रूपाने उष्णता पोहोचवतात. मधली त्वचा अबाधित राहत असल्याने जखम लवकर भरते.
• हायलुरोनिक आम्लाचे फिलर: खड्डा तात्काळ उचलला जातो, परंतु काही महिन्यांनी परिणाम ओसरतो.
• पंच छेदन: एखादा खोल खड्डा गोल पात्याने कापून टाके घालतात.

अनेकदा दोन-तीन पद्धती एकत्र वापरतात व बैठका काही आठवड्यांच्या अंतराने घेतात. कोलॅजेनची पुनर्रचना मंद गतीने होत असल्याने अंतिम परिणाम दिसण्यास अनेक महिने लागतात. केवळ मलम चोळून खोल खड्डा भरत नाही. सिलिकॉन जेल हे उंचवट्याच्या वणांसाठी असते.

धोके व दक्षता

सावळ्या त्वचेवर लेसर किंवा आम्लाने काळे डाग पडण्याचा धोका अधिक असतो. म्हणून भारतीय रुग्णांत सौम्य मात्रा व उन्हापासून संरक्षण यांना महत्त्व आहे. नाक व भुवयांमधील भागात फिलर रक्तवाहिनीत शिरल्यास दृष्टी जाण्याचा दुर्मीळ पण गंभीर धोका संभवतो. नागिणीनंतर त्या जागी बधिरता किंवा दीर्घकालीन वेदना राहू शकते. वणावरील उपचारांनी ती बरी होत नाही. तिचे औषधोपचार स्वतंत्र असतात. पूर्वी नागीण झाल्याची माहिती उपचारापूर्वी डॉक्टरांना देणे आवश्यक आहे.

प्रतिबंध

नागिणीवरील पुनःसंयोजित लस 2017 साली अमेरिकेत मान्यता पावली व 2023 पासून भारतातही उपलब्ध आहे. ती 50 वर्षांवरील व्यक्तींना दोन मात्रांत देतात. लस आधीचे वण घालवत नाही. ती रोगाची, आणि पर्यायाने नव्या वणांची, शक्यता बरीच कमी करते.