फोटोत आई कुठाय?

२०२२ची धनत्रयोदशी. मी चकल्या तळत होते आणि कणकवलीहून वन्संचा फोन आला. ‘वहिनी, कार्ड मिळालं हं, छान आलंय,’ म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘पण फोटोत आई कुठाय?’

गॅस बारीक करून मी कार्ड हातात घेतलं. आमचा सगळ्यांचा फोटो, वर ‘शुभ दीपावली’. उजव्या कडेला दाराची चौकट आणि चौकट धरलेली चार बोटं. बस्स. माझ्या सासूबाई कापल्या गेल्या होत्या. साठ कार्डं छापली होती, त्यातली पन्नासेक पोस्टात पडलीसुद्धा होती.

तुम्हाला सांगते मैत्रिणींनो, त्या चकल्या करपल्या. पण खरं वाईट वाटलं ते पुढंच. मी रडवेल्या आवाजात आईंना कार्ड दाखवलं, तर त्या म्हणाल्या, ‘बरंच झालं की गं. शुभेच्छांच्या कार्डावर मी कशाला?’

आमचं घर लालबागला, चाळीत. दहा बाय बाराची खोली आणि बाहेर लांबलचक सामाईक गॅलरी. सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत निम्मी चाळ पांगली. कुणी विरारला, कुणी डोंबिवलीला, कुणी कायमचं गावाला. सासरे दर दिवाळीला त्या सगळ्यांना कार्ड पाठवायचे. तेव्हा रस्त्यावर टेबलं मांडून कार्डं विकायला बसायचे लोक, दिव्याचं, गणपतीचं चित्र असलेली. २०२१मध्ये सासरे गेले. कार्डाची पद्धत मोडायला नको म्हणून मी घरच्यांच्या फोटोचं कार्ड करायचं ठरवलं. आणि त्यातून नेमक्या आईच गेल्या!

चूक कुणाची? छापणाऱ्याला मी मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं, पण निम्मी चूक माझीच. मोबाइलचा कॅमेरा मी ‘सोळा नऊ’वर ठेवला होता, कारण तसा फोटो पूर्ण स्क्रीनभर दिसतो. कार्ड मात्र सहा बाय चारचं. सोळा नऊचा फोटो चार इंच उंचीचा केला की त्याची रुंदी सात इंचांच्या वर जाते. म्हणजे दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच कात्री लागणारच. एका बाजूला आमची भिंत गेली, दुसऱ्या बाजूला आई. कॅमेरा ‘चार तीन’वर ठेवला तर बाजू वाचतात, पण वरखाली थोडं कापलं जातं. तेव्हा डोक्याच्या वर आणि पायाखाली मोकळी जागा सोडायची. आणि साठ कार्डं छापायच्या आधी एकच प्रत काढून घेऊन नीट बघायची. एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

पण मुळात आई कडेला का उभ्या होत्या? त्या नेहमीच कडेला. ‘तुमचा काढा तुम्ही’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सासरे गेल्यावर तर कुंकवासारखाच फोटोही त्यांनी सोडून दिला. आमच्याकडे त्यांचा एक जुना स्टुडिओतला फोटो आहे, परळला काढलेला. मागे रंगवलेला पडदा, सासरे खुर्चीवर ऐटीत बसलेले आणि आई खुर्चीच्या मागे उभ्या. बाईनं बसायचं आणि पुरुषानं उभं राहायचं, असं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नसेल.

आमच्या या भागाला कॅमेऱ्याचा काय इतिहास आहे बघा. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला तो इथंच, दादरला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना. कुणीच कॅमेऱ्यापुढं उभं राहायला तयार नाही. शेवटी अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं साडी नेसून तारामती केली. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी ती बघितली. आणि पडद्यामागं कोण? फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायचा आणि फिल्म धुवायच्या कामालाही हात लावायचा. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पडद्यावर आल्या, तेव्हा कुठं बाईचं काम बाईनं केलं. मी हे आईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘सरस्वतीबाईंचं बरोबर होतं. जेवणाचं कोण बघणार?’

२०२३च्या श्रावणात चाळ रिकामी करायची नोटीस आली. जानेवारीपर्यंत खोल्या सोडायच्या, मग पाडकाम. म्हणजे या दारातली ही शेवटची दिवाळी. मी मनाशी ठरवलं, यंदा फोटो नीट.

पहिली गोष्ट, फोटो दसऱ्याला काढायचा. दिवाळीत काढलेला फोटो दिवाळीच्या कार्डाला काय कामाचा? दसऱ्याला तोरण असतं, नवे कपडे असतात, सगळे घरी असतात. त्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला. छापून, पाकिटं भरून, पोस्टात टाकायला हाताशी भरपूर दिवस. आदल्या रात्री यजमान दादरच्या फुलबाजारातून झेंडू घेऊन आले.

जागा गॅलरीतली. खोलीत ट्यूबलाइटखाली चेहरे पिवळट-हिरवट येतात, आणि फ्लॅश मारला की मागे भिंतीवर सगळ्यांच्या काळ्या सावल्या. तुमच्या घराला ओटी असेल, पडवी असेल, तर तीच घ्या. ऊन थेट तोंडावर नको, नाहीतर डोळे बारीक होतात. उजेड भरपूर, पण सावलीतला हवा. आमच्या गॅलरीत तो सकाळी दहाच्या सुमारास मिळतो. शिवाय गॅलरी लांब, त्यामुळे मागे सरकायला जागा. खोलीत जागा नसते म्हणून आपण मोबाइलचा रुंद कॅमेरा लावतो आणि मग कडेची माणसं आडवी ताणली जातात. जाऊबाईंनी तर ‘मी एवढी जाड आहे का?’ म्हणून एक अख्खा अल्बम माझ्याकडून पुसून घेतला होता!

कपडे सगळ्यांचे एकाच रंगाचे करायच्या भानगडीत मी पडले नाही. ते बँडवाल्यांसारखं दिसतं. मोठ्या छापाची साडी तेवढी नको म्हटलं, डोळा तिकडंच जातो.

आता आई. ‘या ना मध्ये’ म्हटलं असतं तर त्या स्वयंपाकघरात पळाल्या असत्या. मी खुर्ची बरोबर दाराच्या मधोमध ठेवली आणि जाऊबाईंचं दीड वर्षाचं पिल्लू त्यांच्या हातात दिलं. ‘आई, जरा धरा याला, माझे हात तेलाचे आहेत.’ हात तेलाचे नव्हतेच. बाळ धरून त्या बसल्या आणि आम्ही भराभर त्यांच्या दोन्ही बाजूंना आलो. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ‘अगं, मी मधे कशाला? माझ्या अंगावर घरची साडी…’

‘दार तुमचं आहे आई,’ यजमान म्हणाले. ‘लग्न होऊन याच दारातून आलात ना?’

त्या काही बोलल्या नाहीत. पदर मात्र नीट केला.

कॅमेरा शेजारच्या मुलाच्या हातात. मी स्वतः काढला असता तर मी गायब, हेही नेहमीचंच. कुणी नसेल तर पिठाच्या डब्यावर मोबाइल टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावावा. भिंगावर बोटाचं तेल असतं, ते आधी मऊ सुती कापडानं पुसावं. त्यानं तीस-चाळीस फोटो काढले. पहिले दहा सगळे पुतळ्यासारखे. मग बाळानं आईंचा चष्मा ओढला, आई हसल्या, सगळेच हसले. तोच फोटो घेतला.

छापायला देताना तो साध्या पद्धतीनं व्हॉट्सअॅपवर पाठवला नाही, त्यानं फोटो बारीक होतो आणि छापल्यावर फुटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला. कागद चकचकीत नको म्हटलं, त्यावर पेनानं लिहिता येत नाही. आईंचे दोन्ही खांदे आत आहेत ना, ते एका प्रतीवर बघितलं आणि मगच बाकीची छापली.

रात्री पाकिटं भरायला बसलो. आईंनी चष्मा लावून कार्ड बराच वेळ बघितलं. मग गठ्ठ्यातली पाच कार्डं बाजूला काढली. ‘ही माझ्या माहेरची. पत्ते मी लिहिते.’

एकेक अक्षर कोरत त्यांनी पाची पाकिटं लिहिली. मागच्या बाजूला, जिथं सासरे आपलं नाव घालायचे, तिथं पहिल्यांदाच स्वतःचं नाव घातलं आणि खाली चाळीचा पत्ता. मग मला विचारलं, ‘जानेवारीनंतर या पत्त्यावर कुणी उत्तर पाठवलं तर ते आपल्याला मिळेल का गं?’