पंगत, मठ आणि छापखाना : ख्रिस्ती धर्मातील सेवेचा अर्थ

ख्रिस्ती परंपरेत ‘देवाची सेवा’ म्हणजे उपासनाही आणि माणसांची चाकरीही. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत या दोन्ही अंगांना निरनिराळे शब्द आहेत. ‘लेइतुर्गिया’ म्हणजे मुळात नगरासाठी केलेले लोकोपयोगी काम. पुढे तो शब्द उपासनाविधीसाठी रूढ झाला. ‘दूलोस’ म्हणजे गुलाम; प्रेषित पौल स्वतःची ओळख ख्रिस्ताचा दास अशीच करून देतो. ‘दियाकोनिया’ म्हणजे सेवा; हा शब्द पंगतीत वाढण्याच्या कामालाही वापरला जाई.

या वाढप्याच्या कामाला मोठा मान मिळाला. योहानाच्या शुभवर्तमानानुसार शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने अंगावरचे वस्त्र उतरवले, कमरेला रुमाल बांधला आणि घंगाळात पाणी ओतून शिष्यांचे पाय धुतले. हे काम त्या काळी घरातल्या गुलामाचे. म्हणूनच पेत्र या शिष्याने आधी पाय पुढे करायला नकार दिला. पुढे यरुशलेमच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या अन्नवाटपातून वगळल्या जात असल्याची तक्रार झाली, तेव्हा सात जणांची निवड करून प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. ‘डीकन’, म्हणजे मंडळीतील सेवक, या पदाचे मूळ परंपरेने याच प्रसंगात मानले आहे.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. सामुदायिक प्रार्थनेला त्यांनी ‘देवाचे काम’ म्हटले आणि दुसरे कोणतेही काम तिच्या आड येऊ नये, असे बजावले. पण हीच नियमावली स्वयंपाकघरातही शिरते. मठवासीयांनी आठवड्याच्या पाळीने रांधावे-वाढावे. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने हातपाय पुसायचे पंचे धुवावेत, त्याने आणि नव्याने पाळीवर येणाऱ्याने मिळून सर्वांचे पाय धुवावेत, भांडी स्वच्छ व धड स्थितीत कोठाराच्या कारभाऱ्याकडे परत करावीत. त्या कारभाऱ्यानेही मठाचे प्रत्येक भांडे वेदीवरच्या पवित्र पात्रासारखे जपावे.

मध्ययुगात मात्र ‘पाचारण’, म्हणजे देवाने दिलेली हाक, ही धर्मगुरू, मठवासी व मठवासिनींपुरतीच असल्याचा समज बळावला. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी 1520 मध्ये त्यावर घाव घातला. चांभार, लोहार, शेतकरी सारेच बाप्तिस्म्याने याजक झालेले आहेत. फरक फक्त कामाचा, असे त्यांनी मांडले. 1522 मध्ये विवाहावर लिहिताना तर बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाला लोक हसले तरी देव त्याच्यावर प्रसन्न असतो, असे ते म्हणाले. कॅथलिक चर्चनेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत प्रापंचिकांच्या कार्याला स्वतंत्र स्थान दिले. 1965 मध्ये त्यावर वेगळा हुकूमनामा काढला.

सेवेने तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळते काय, हा यातला कळीचा प्रश्न. तारण हे केवळ कृपेचे दान असून ते विश्वासाने स्वीकारायचे, सत्कृत्ये हे त्याचे फळ, असे ल्यूथर यांचे म्हणणे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने 1547 मध्ये कृपेचे अग्रस्थान मान्य केले, पण त्या कृपेशी माणसाने सहकार्य करावे लागते, यावर भर दिला. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या प्रश्नावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस कृपेने स्वीकारला जातो, स्वतःच्या पुण्याईने नव्हे, आणि ती कृपाच त्याला सत्कर्माला प्रवृत्त करते, ही त्यातली समान भूमिका. या दृष्टीने सेवा ही मिळालेल्या दानाची कृतज्ञता ठरते. तिचा हिशेब देवाकडे मागायचा नसतो.

मराठी ख्रिस्ती भाषेत याच अर्थाने ‘कारभारी’ हा शब्द येतो. बुद्धी, पैसा, वेळ ही मालकाची ठेव. माणसाने ती फक्त सांभाळून वापरायची. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, त्यामागे सेवा पगाराशी बांधलेली नसावी ही ओढ होती. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना आसरा दिला, हाताला काम शिकवले आणि हिब्रू-ग्रीक मुळांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते 1922 मध्ये त्यांच्या निधनापूर्वी पुरे झाले. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवण्याचे आणि छपाईचे काम तिथल्या स्त्रियाच करत. प्रार्थना, भाषांतर आणि खिळे जुळवणे या तिन्ही गोष्टी तिथे एकाच सेवेत मोडत.