खुल्या प्रणालीतले बंद कप्पे

ऑपरेटिंग सिस्टिमला प्रिंटर, वायफाय चिप किंवा ग्राफिक्स कार्ड यांच्याकडून थेट काम करून घेता येत नाही. प्रत्येक उपकरणाचे हुकूम वेगळे असतात. ते ठाऊक असलेला मधला प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तो सहसा कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात शिरून चालतो आणि त्याला गाभ्याचे सगळे अधिकार मिळतात. त्यामुळे एका ड्रायव्हरची चूक अख्खा संगणक बंद पाडू शकते.

लिनक्सचा सोर्स कोड 1992 पासून जीपीएल परवान्याखाली खुला आहे. कर्नलमध्ये भर घालून ती इतरांना देणाऱ्याने आपला कोडही खुला करावा, अशी या परवान्याची अट आहे. तरीही अनेक कंपन्या ड्रायव्हर फक्त यंत्रभाषेत, कोड न दाखवता देतात. आमचा ड्रायव्हर ही स्वतंत्र वस्तू आहे, कर्नलची भर नव्हे, असा त्यांचा दावा. कर्नलच्या बहुतेक कर्त्यांना तो पटत नाही, पण त्यांनी कोर्टाऐवजी तांत्रिक कुंपणाचा मार्ग धरला. कर्नलमधल्या काही सुविधा केवळ जीपीएल ड्रायव्हरांसाठी राखून ठेवल्या आहेत. बंद ड्रायव्हर चढवला की कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ (डागाळलेला) असा शिक्का मारतो. अशा यंत्रावरची तक्रार आली, की कर्नलचे कर्ते सहसा ती बाजूला ठेवतात. न दिसणाऱ्या कोडमधला दोष शोधणार तरी कसा?

या वादात सर्वाधिक नाव आले ते ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाचे. 2012 मध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातील कार्यक्रमात लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी या कंपनीला कॅमेऱ्यासमोर मधले बोट दाखवले होते. तोवर स्वयंसेवकांनी कार्डाच्या हालचाली बाहेरून न्याहाळत ‘नुव्हो’ हा खुला ड्रायव्हर उभा केला होता आणि 2010 मध्ये तो कर्नलमध्ये दाखलही झाला होता. मात्र नव्या कार्डांचा वेग पुरता वाढवायला कंपनीची डिजिटल सही असलेले फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्राम) लागते. ते हाती नसल्याने नुव्हो मागेच राहिला. एएमडी या स्पर्धक कंपनीने उलट वाट धरली. 2007 मध्ये तिने चिपची कागदपत्रे प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि आज तिचा ड्रायव्हर कर्नलचाच भाग आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत दिसतो. तिथला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर 2020 मध्ये जगातल्या 500 वेगवान महासंगणकांच्या यादीत 63 वा आला. या यादीतले सगळेच संगणक 2017 च्या अखेरीपासून लिनक्सवर चालतात. परम सिद्धीही त्याला अपवाद नाही. पण त्याची अवजड आकडेमोड करतात एनव्हिडियाचे ए-100 प्रोसेसर, आणि त्यांना कामाला लावणारी ‘कुडा’ ही सॉफ्टवेअर-सामग्री बंद आहे. याच सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीवर बेतलेली आहे, आणि बंद कोडशी तडजोड करण्याबाबत लिनक्सच्या जगात सर्वांत सोवळे पाळणाऱ्यांत डेबियनची गणना होते. एकाच संस्थेच्या दोन कामांत खुलेपणाची दोन मापे दिसतात. तिला दोष देण्यात अर्थ नाही. त्या वेगाचा दुसरा तयार पर्याय त्या काळी जवळपास नव्हताच.

सोवळे डेबियनलाही झेपले नाही. 2011 मध्ये तिने कर्नलमधून बंद फर्मवेअर वेगळे काढले. त्यानंतर कित्येक लॅपटॉपवर डेबियन बसवताना वायफायच सुरू होईना, आणि हवे ते फर्मवेअर उतरवून घ्यायला तर इंटरनेट लागणार! अखेर 2022 मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने नियम सैल केला आणि जून 2023 च्या आवृत्तीपासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरबरोबर येऊ लागले.

सामान्य माणसाला याची झळ बसते ती मोबाइलमध्ये. अँड्रॉइडचा गाभा लिनक्स, पण कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स यांच्या कोडचा मोठा भाग चिप-उत्पादकाच्या ताब्यात असतो. लिनक्सचे कर्ते कर्नलची अंतर्गत रचना मुद्दाम स्थिर ठेवत नाहीत. खुला ड्रायव्हर ते स्वतःच दुरुस्त करतात. बंद ड्रायव्हर मात्र फक्त कंपनीच दुरुस्त करू शकते. तिने हात आखडता घेतला की धडधाकट फोनचेही अपडेट थांबतात. गुगलने 2017 मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आणून अँड्रॉइड आणि उत्पादकाचा कोड यांच्यात ठरावीक सीमा आखली. त्याने अपडेट सोपे झाले, पण सीमेपलीकडचा कोड बंदच राहिला.

मे 2022 मध्ये एनव्हिडियानेही कर्नलमध्ये चालणारा भाग जीपीएल आणि एमआयटी परवान्यांखाली खुला केला. तो 2018 च्या ट्युरिंग पिढीपासूनच्या कार्डांनाच लागू आहे, कारण त्या कार्डांवर एक छोटा प्रोसेसर असतो आणि ड्रायव्हरची पुष्कळशी कामे त्याच्या फर्मवेअरकडे सोपवली आहेत. ते फर्मवेअर बंद आहे. कर्नलबाहेर चालणारा ग्राफिक्सचा भाग आणि कुडाही बंदच आहेत. कर्नलला लागून असलेला कप्पा उघडला. गुपित त्याच्या खाली आणि वर सरकले.